मारुतीच्या देवळासमोर : व्हिडिओ कॉन्फरन्सचा पत्ता लावताना

नमस्कार मंडळी. विषय पत्रिकेत छापलाय तोच आहे, व्हिडिओ कॉन्फरन्सिंग सिस्टिमवर डायल-इन पत्ते, म्हणजे ज्यावर कॉल करून लोक सभेत येतात ते पत्ते, कसे लावायचे, आणि ते मी सांगणारच आहे. पण आधी एक काम करा. शेजारी बसलेल्याला तुमच्या ऑफिसच्या कॉन्फरन्स रूमचा पत्ता सांगा. लिंक पाठवायची नाही, मोबाईल खिशातच राहू दे, फक्त तोंडानं सांगायचा.

बघा, किती शांत झालं. इथं बसलेला प्रत्येक जण कॉलेजचं, दवाखान्याचं नाहीतर बँकेचं नेटवर्क सांभाळतो, स्वतःचा मोबाईल नंबर झोपेतून उठवलं तरी सांगेल, पण ज्या रूमवर संस्थेनं लाखो रुपये घातलेत तिचा पत्ता सांगता येत नाही, कारण तो आपण कधी लावलाच नव्हता, मशीननं स्क्रीनवर जो दाखवला तोच चालवत आलो. माझा आग्रह गेली कित्येक वर्षं एकच आहे. पत्ता तोंडी सांगता आला पाहिजे आणि बाहेरच्या माणसाला लागला पाहिजे. बाकी कॅमेरा कुठला, स्क्रीन किती इंचाचा, ते सगळं नंतर.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगतो. थोडं लांबेल.

मी तेव्हा एका शिकवणाऱ्या हॉस्पिटलमध्ये नेटवर्कचं काम बघायचो. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. दर बुधवारी दुपारी तिथले मोठे डॉक्टर आणि तालुक्याच्या ठिकाणचं एक ग्रामीण रुग्णालय यांची व्हिडिओवर केस-चर्चा सुरू करायचं ठरलं. दोन्हीकडं मशीन बसली, रिमोट आले, कॅमेरे आले. मी आमच्या मशीनच्या स्क्रीनवरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, बघितला, एकशे ब्याण्णव डॉट एकशे अडुसष्ट डॉट एक डॉट वीस, आणि मेलमध्ये लिहून पाठवला, की बुधवारी तीन वाजता हा डायल करा. शेजारच्या खोलीतल्या मशीनवरून तपासूनही बघितला. लगेच लागला. मी निर्धास्त.

बुधवार आला. तिकडून फोन, लागत नाही. आम्ही म्हणालो नेट स्लो असेल, पुन्हा करा. दुसरा बुधवार, तिसरा बुधवार, तेच. इकडं डॉक्टर दहा मिनिटं रिकाम्या स्क्रीनसमोर बसायचे आणि उठून ओपीडीला जायचे. असे सहा बुधवार गेले. सातव्या आठवड्यात मी एसटी पकडली आणि गेलो.

तिथल्या सिस्टर फार व्यवस्थित बाई. माझा पत्ता त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता, टिंबसुद्धा ठसठशीत. माझ्यासमोर त्यांनी रिमोटवर एकेक आकडा दाबला, एकही चूक नाही. मशीन दोन-चार सेकंद थांबलं आणि म्हणालं, कॉल होऊ शकत नाही. मी लॅपटॉप लावून बघितलं तर त्यांच्या राउटरनंही, म्हणजे आतली मशीन बाहेरच्या नेटला जोडणाऱ्या डब्यानंही, आत पत्त्यांची तीच मालिका वाटलेली, आणि वीस नंबरवर कोण होतं माहितीये? दारातलं अंगठा लावायचं हजेरी मशीन. सहा बुधवार त्या सिस्टर स्वतःच्याच दारातल्या हजेरी मशीनला व्हिडिओ कॉल करत होत्या.

तुम्ही हसताय, हसा, पण त्या काय म्हणाल्या ते ऐका. म्हणाल्या, "मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून मी शिपायालासुद्धा समोर थांबू द्यायचे नाही." मला त्या दिवसापासून ह्या विषयाबद्दल राग आहे. चूक पूर्णपणे माझी होती आणि दीड महिना ती एका हुशार बाईनं स्वतःच्या नावावर घेतली. पत्ता चुकीचा लावला की असंच होतं, डायल करणाऱ्याला कधीच कळत नाही की पत्ता चुकलाय, त्याला वाटतं आपण चुकलो.

आता हे झालं कसं, ते आपल्या भाषेत सांगतो. गावात कुणाला पत्ता विचारा, मारुतीच्या देवळासमोर, तिसरं घर. अगदी बरोबर पत्ता आहे, पण त्या गावापुरता. कारण मारुतीचं देऊळ प्रत्येक गावात असतं. एकशे ब्याण्णव-एकशे अडुसष्टनं सुरू होणारे, दहानं सुरू होणारे आणि एकशे बहात्तर-सोळा ते एकशे बहात्तर-एकतीस एवढे पत्ते मुद्दाम असे राखून ठेवलेत, की कुठल्याही संस्थेनं आपल्या आत वापरावेत आणि बाहेर कुणी वापरू नयेत. इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहितात त्यांना आरएफसी म्हणतात, त्यातला आरएफसी १९१८ नावाचा तो कागद फेब्रुवारी १९९६ चा. मी सिस्टरना "मारुतीच्या देवळासमोर" असं सांगितलं आणि त्या आपल्या गावच्या मारुतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दुसरं काय करणार?

ह्यावरून एक आठवण दिल्याशिवाय पुढं जाववत नाही. ही अडचण आपल्या पोस्टानं कधीच सोडवली होती आणि सोडवणारा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्राच्या दळणवळण खात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतात लिहिणारे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला तो त्यांच्यामुळं. देशात एकाच नावाची कितीतरी गावं, आपल्याकडच वडगाव आणि पिंपळगाव मोजा, शिवाय पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले. त्यावर सहा आकडे. पहिला आकडा विभाग सांगतो, आपला चार, महाराष्ट्र-गोवा-मध्य प्रदेश-छत्तीसगड, मग पुढचे आकडे जवळ जवळ आणत थेट त्या पोस्टापर्यंत नेतात. सहाच आकडे, पण कुणालाही तोंडी सांगता येतात आणि देशात कुठूनही लागू पडतात. मला ह्या गोष्टीचा खरंच अभिमान वाटतो, आणि आपल्या कामाला याहून चांगला नमुना माझ्या तरी बघण्यात नाही.

आणि आपण लिहितो तो मु.पो., ता., जि. बघा, लहानाकडून मोठ्याकडं. डोमेनचं, म्हणजे इंटरनेटवरचं, नावही तसंच चालतं, आधी मशीन, मग संस्था, मग देश. सिप ही इंटरनेटवर कॉल जोडायची पद्धत, आणि सिप पत्ता म्हणजे डोमेनच्या नावाआधी माणसाचं किंवा खोलीचं नाव आणि मध्ये ॲट. "सभा ॲट कॉलेजचं डोमेन". मेलच्या पत्त्यासारखाच. तालुक्याच्या सिस्टरना हे एकदा सांगितलं की पुरतं, कॅलेंडरच्या मागं लिहावंही लागत नाही.

अजून एक गंमत. एच.३२३ हे व्हिडिओ कॉलचं जुनं प्रमाण, तेही १९९६ चंच. म्हणजे खाजगी पत्त्यांचा तो कागद आणि व्हिडिओ कॉलचं हे प्रमाण एकाच वर्षी आले आणि दोघांचं कधी पटलं नाही, कारण एच.३२३ स्वतःचा आयपी संदेशाच्या आत लिहून पाठवतं, जसं आपण पाकिटावर एक पत्ता आणि आतल्या पत्रात दुसरा लिहावा. बाहेर पाठवताना राउटर पाकिटावरचा खाजगी पत्ता बदलून सार्वजनिक लावतो, आतला तसाच राहतो. सिपमध्येही तेच होतं, म्हणून कॉल लागतो, घंटा वाजते, आणि आवाज एकाच बाजूनं येतो. एकतर्फी आवाज आला की माईक बदलत बसू नका, पहिल्यांदा आतल्या पत्रात कुठला पत्ता जातोय ते बघा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतायत. बरं, मग जे सांगायला बोलावलंय ते पटापट घेतो, लिहून घ्या.

पहिलं, नाव. रूमला कायमचं नाव द्या आणि आयपी कुणालाच देऊ नका, सार्वजनिक आयपीसुद्धा नाही, कारण इंटरनेट कंपनी बदलली की तो बदलतो, नाव बदलत नाही. नाव चालण्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या वहीत, एसआरव्ही नोंदी लागतात, कुठला कॉल कुठल्या मशीनकडं न्यायचा ते त्या सांगतात. सिपसाठी अंडरस्कोर सिप डॉट अंडरस्कोर टीसीपी, टीएलएससाठी, म्हणजे कुलूपबंद सिपसाठी, अंडरस्कोर सिप्स डॉट अंडरस्कोर टीसीपी, एच.३२३ साठी अंडरस्कोर एच३२३सीएस डॉट अंडरस्कोर टीसीपी. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी, अग्रक्रम, वजन, पोर्ट म्हणजे मशीनचं कुठलं दार, आणि मशीनचं नाव. अग्रक्रमाचा लहान आकडा आधी वापरला जातो, तो उलटा टाकलेला मी कितीदा बघितलाय. पोर्ट सिपला ५०६०, टीएलएसला ५०६१, एच.३२३ च्या कॉलला १७२०. आणि टीएलएसचं सर्टिफिकेट त्याच डोमेनच्या नावाचं असू द्या, नाहीतर समोरचं मशीन कारण न सांगता कॉल तोडतं.

दुसरं, जुन्या मशीनवाल्यांसाठी. काही रिमोटवर ॲट टाइप करायचं म्हणजे शिक्षाच, त्यांच्यासाठी आमंत्रणात वेगळी ओळ लागते. पॉलिकॉम कंपनीच्या मशीनच्या पद्धतीत सर्व्हरचा पत्ता, मग दोनदा हॅश, मग सभेचा क्रमांक. सिस्को कंपनीच्या मशीनवाल्यांकडं सभेचा क्रमांक, ॲट, मग सर्व्हरचा पत्ता. ह्या एकाच ठिकाणी सर्व्हरचा सार्वजनिक आयपी छापावा लागला तर छापा, पण तो बाहेरचा आहे ना हे दहादा बघून.

तिसरं, साधा फोन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक सभेला एक फोन नंबर हवाच, कारण ज्याच्याकडं बटणाचा फोन आहे किंवा ज्याचं नेट पावसात गेलंय त्यालाही बोलता आलं पाहिजे. नंबर प्लस एक्याण्णव लावून लिहा आणि त्यानंतर एसटीडी कोडचा शून्य लावू नका. पुण्याचा नंबर असेल तर प्लस एक्याण्णव वीस आणि पुढं आठ आकडे. "+९१ (०२०)" असं छापलेलं असतं ना, ते बघून न्यू जर्सीत बसलेला मुलगा शून्यासकट दाबतो आणि त्याला लागत नाही. देशातल्या लँडलाईनवाल्यांसाठी खाली दुसऱ्या ओळीत ०२० सकट द्या. मोबाईलवाल्यांसाठी नंबर, दोन स्वल्पविराम, सभेचा क्रमांक आणि हॅश अशी एक ओळ द्या, स्वल्पविराम म्हणजे फोन थोडा थांबतो, मग आकडे आपोआप जातात. बिगब्लूबटन हे ऑनलाईन वर्गाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सेटिंगच्या फाईलमध्ये हा नंबर एकदा भरला की तो प्रत्येक सभेच्या स्वागताच्या मजकुरात दाखवता येतो, आणि खोलीचा क्रमांक सिस्टिम स्वतः देते. ट्रंक, म्हणजे सिस्टिमला फोनच्या जाळ्याशी जोडणारी लाईन, मात्र लायसन असलेल्या ऑपरेटरकडूनच घ्या.

फोनवाल्यांचा पिन "चुकीचा आहे" असं सारखं येत असेल तर पिन बरोबर असतो, बटणांचे सूर पोचत नसतात. प्रत्येक बटण म्हणजे दोन सूर एकत्र, पाचचे ७७० आणि १३३६ हर्ट्झ, आणि आवाज फार दाबून पाठवणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करणाऱ्या पद्धतीत, त्यांची वाट लागते. आरएफसी ४७३३ ची टेलिफोन-इव्हेंट पद्धत, ज्यात सूर न पाठवता कुठलं बटण दाबलं तेच पाठवतात, ती दोन्ही टोकांना चालू करा. आणि सूचना मराठीत रेकॉर्ड करा, कुणातरी स्वच्छ बोलणाऱ्या माणसाकडून. त्यात "हॅश दाबा" म्हणू नका, "शून्याच्या उजवीकडचं बटण दाबा" म्हणा. आमच्याकडं एवढं बदलल्यावर अर्ध्यात फोन ठेवणारे लोक थांबले.

पाच मिनिटं? दोन? बरं.

चौथं, दार उघडं ठेवलं की चोर येतात. ५०६० बाहेर उघडा केला की काही तासांत स्कॅनर, म्हणजे उघडी दारं शोधणारे प्रोग्रॅम, लागतात, रात्री दोनला रूमचा स्क्रीन वाजतो, १०० किंवा १००१ असल्या नंबरावरून. ऑटो-आन्सर, म्हणजे कॉल आपोआप उचलणं, आधी बंद करा, नाहीतर कुणीही तुमच्या खोलीत बघत बसेल. बाहेरून आलेल्या कॉलला तुमच्या ट्रंकवरून बाहेर फोन लावू देऊ नका, परदेशी कॉलचं बिल संस्थेला येतं. सभेचा क्रमांक लांब ठेवा आणि पिन लावा.

आणि शेवटची गोष्ट, तपासणी. बिल्डिंगच्या आतून कधीही तपासू नका, मी तेच केलं होतं. मोबाईलचं वायफाय बंद करून, बाहेर रस्त्यावर उभं राहून डायल करा. शक्य असेल तर ज्याला खरंच डायल करायचंय त्याच्याकडं जाऊन, त्याच्या हातानं करून बघा. त्या सिस्टरांचा कॉल आठव्या बुधवारी लागला, तीन वाजून दोन मिनिटांनी, आणि पहिला पेशंट होता भाजलेल्या हाताचा एक लहान मुलगा.

वेळ संपली. एसआरव्हीच्या नोंदी आणि पोर्ट लिहिलेला कागद दाराजवळच्या टेबलावर आहे, एकेक घ्या. फायरवॉलचं ज्यांना विचारायचंय त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडं या, लॅपटॉप घेऊन या, आपण इथूनच तुमची रूम डायल करून बघू.