एका पात्यावर : सूर्या बोनाली

(टम्बलिंगची जुनी दृश्यं)

धावत येते, हात टेकते, अंग उलटं फिरतं आणि पुन्हा पायांवर. याला टम्बलिंग म्हणतात, लांब पट्टीवर एकामागून एक कोलांट्या. ही मुलगी फ्रान्समधल्या नीस शहरातली, सूर्या बोनाली. जन्म १९७३चा. आठ महिन्यांची असताना सुझान आणि जॉर्ज बोनाली यांनी तिला दत्तक घेतलं आणि हे भारतीय नाव ठेवलं. सुझान शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, त्यामुळे खेळाची सवय घरातूनच लागली.

(बर्फावरचा सराव)

फिगर स्केटिंगमध्ये, म्हणजे पात्याचे बूट घालून बर्फावर उड्या आणि नृत्य करण्याच्या खेळात, आली तेव्हा ही कोलांटी ती सोबतच घेऊन आली. त्या काळी परीक्षकांना आवडायची ती नाजूक, तरंगती चाल. सूर्याची उडी पाहा, केवढी उंच जातेय! मांड्यांत ताकद, अंगात वेग. शिवाय ती कृष्णवर्णीय. त्या बर्फावर तिच्यासारखं फारसं कोणी नव्हतं. कौतुक व्हायचं ते ताकदीचं, आणि 'पण कलात्मकता?' हा प्रश्न लगेच पाठोपाठ यायचा.

१९९१ ते १९९५, सलग पाच वर्षं युरोपची विजेती. फ्रान्सचं राष्ट्रीय विजेतेपद सलग नऊ वेळा. १९९२मध्ये आल्बेरव्हिलच्या ऑलिम्पिकमध्ये सर्व खेळाडूंच्या वतीने शपथ घेतली ती हिनेच. तिथे तिने हवेत चार फेऱ्यांची उडीही मारून पाहिली. शेवटची फेरी पूर्ण भरली नाही, त्यामुळे ती मोजली गेली नाही. पण तेव्हा स्त्रियांमध्ये ही उडी मारायला धजावत होतं कोण?

(जपान, १९९४ : पदकप्रदान)

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. सूर्या आणि जपानची युका सातो बरोबरीत. निर्णय परीक्षकांच्या मतांवर गेला, पाच विरुद्ध चार. सुवर्ण सातोला. सूर्या व्यासपीठाशेजारी खालीच उभी आहे. तिला वर आणलं जातं, गळ्यात रौप्यपदक घातलं जातं. आता तिचे हात पाहा.

(थोडा वेळ निवेदन नाही : सूर्या गळ्यातलं पदक काढते)

जागतिक स्पर्धेत सलग तीन वर्षं तिला रौप्यच मिळालं. १९९६मध्ये टाचेची शीर तुटली.

(नागानो, १९९८)

तिचं तिसरं ऑलिम्पिक. शॉर्ट प्रोग्राम म्हणजे पहिलं, छोटं सादरीकरण; त्यानंतर ती सहावी. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या, लांब सादरीकरणात, ती एकदा पडली, दुखरा पाय साथ देत नाही. पदकाची आशा संपली आहे. हा भाग सावकाश पाहा.

पाठ पुढे करून ती सरकतेय. गुडघे वाकतात. पात्याच्या टोकाला दाते असतात, ते बर्फात रुततात. हात वर, डोकं मागे, आणि पूर्ण शरीर उलटं. खाली गादी नाही, कडक बर्फ आहे. हवेतले पाय पाहा, एकमेकांपासून फाकलेले. म्हणजे एकच पाय आधी खाली येणार. जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंदीचं पातं बर्फाला टेकतं आणि ती सरकत राहते.

या उलट्या कोलांटीवर, म्हणजे बॅकफ्लिपवर, बंदी होती. १९७६च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या टेरी कुबिकाने ती मारली, त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने ती नियमाबाहेर टाकली. कारणं दोन सांगितली जायची. एक, उडी धोक्याची. दुसरं, या खेळात उडी एका पायावर उतरते आणि बॅकफ्लिप दोन पायांवर. धोका होताच, तो तिने स्वतःच्या अंगावर घेतला. दुसरं कारण तिने परीक्षकांच्या डोळ्यांसमोर खोडून काढलं. तरीही नियम बोट दाखवत राहिला तो तिच्याकडेच.

कार्यक्रम संपतो तेव्हा ती कुठे तोंड करून उभी आहे पाहा. समोर प्रेक्षक, पाठ परीक्षकांकडे.

(अलीकडची दृश्यं)

गुण कापले गेले, ती दहावी आली आणि स्पर्धा तिथेच थांबल्या. पुढे आइस शो, अमेरिकेचं नागरिकत्व, लास वेगासमध्ये मुलांना प्रशिक्षण. २०२४च्या युरोपियन स्पर्धेत फ्रान्सच्याच अदाम सियाओ हिम फाने बॅकफ्लिप मारली, दोन गुण गमावले आणि तरी सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी महासंघाने बंदी उठवली. आता या उडीसाठी कोणाचा एकही गुण कापला जात नाही.