कोविडच्या रुग्णाचं रक्त काय सांगतं?

मित्रहो, २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत डी-डायमर हे एका रक्ततपासणीचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. नातेवाईक रिपोर्टचा फोटो पाठवायचे आणि विचारायचे, "डॉक्टर, आकडा वाढलाय, आता काय?" त्या आकड्यांमागे रक्तात काय घडत असतं, तेवढंच आज सांगतो.

सुरुवात साध्या सीबीसीपासून, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीपासून. माझ्या मते कोविडमधली सर्वांत मोलाची रक्ततपासणी हीच, आणि ती स्वस्तही. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात लिम्फोसाइट पेशी साधारण एक ते चार हजार असतात. विषाणूंशी लढणाऱ्या या पेशी कोविडमध्ये वाढायच्या सोडून घटतात. वुहानमधल्या पहिल्या ४१ रुग्णांची माहिती जानेवारी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतल्या २६ जणांत हेच दिसलं होतं. रक्ताची स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की एरवी दर तीन-चार पांढऱ्या पेशींमागे एखादी लिम्फोसाइट भेटते. गंभीर रुग्णाच्या स्लाइडवर मात्र न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीच सगळीकडे, लिम्फोसाइट शोधत फिरावं लागतं. सापडली तरी बऱ्याचदा फुगलेली, कडेला गडद निळी. लिम्फोसाइटच्या तुलनेत न्यूट्रोफिलचं प्रमाण दिवसागणिक चढत गेलं, तर रुग्ण बसून चहा पीत असला तरी मला काळजी वाटते. एक लक्षात ठेवा, स्टेरॉइड हे दाह शमवणारं औषध सुरू केल्यावरही न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. त्यामुळे औषध कधी सुरू झालं हे विचारल्याशिवाय सीबीसी वाचू नये.

सीआरपी आणि फेरिटिन ही रक्तातली प्रथिनं दाह किती पेटलाय ते सांगतात, बाकी इतर जंतुसंसर्गांतही ती वाढतात.

आता डी-डायमर. दाहामुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, रक्त गोठू लागतं. फुफ्फुसांतल्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, कधी पायाच्या शिरेतही. शरीर त्या गुठळ्या विरघळवतं तेव्हा फायब्रिन या गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचे जे तुकडे रक्तात येतात, ते म्हणजे डी-डायमर. पण वय, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनीही तो वाढतो. शिवाय एककांचा घोळ. एक लॅब नॅनोग्रॅममध्ये ५०० लिहिते, दुसरी मायक्रोग्रॅममध्ये ०.५. दोन्ही एकच, तरी दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून माणसं रात्रभर जागली आहेत. आकडा नेहमी त्याच लॅबच्या आधीच्या आकड्याशी ताडून पाहायचा.

आणि रिपोर्ट पाहून घरीच स्टेरॉइड घेणं, याचा मला आजही त्रास होतो. रुग्णांवर औषधं तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष जून २०२०मध्ये आले. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र काहीही फायदा दिसला नाही. उलट स्टेरॉइडने रक्तातली साखर चढते. दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, ज्यांचे डोळे, जबडे गेले, त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता आणि अनेकांनी स्टेरॉइड घेतलं होतं. म्हणून कोविडच्या रुग्णाला स्टेरॉइड सुरू असेल, तर डी-डायमर रोज नाही झाला तरी चालेल, बोटाला टोचून साखर मात्र दिवसातून अनेकदा पाहायलाच हवी.