निरगुडीचा पाला आणि सुजलेला गुडघा

ओढ्याच्या कडेला हे झुडूप दिसतंय ना, याच्या शेजारून आपण शंभरदा गेलेलो असतो. निरगुडी. एका देठाला तीन नाहीतर पाच पानं, बोटं पसरल्यासारखी, वरून हिरवी आणि उलटी केली की पांढुरकी. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत म्हणून बांधाला लावतात, आणि इतकी ओळखीची की पुणे जिल्ह्यात निरगुडसर नावाचं गावच आहे. पान चुरगळून हुंगा. उग्र! बाळंतिणीच्या न्हाणीतून यायचा तोच हा वास.

आता तव्याकडे बघा. चमचाभर एरंडेल, त्यात मूठभर पाला, मंद आचेवर मऊ पडेपर्यंत परतायचा, करपवायचा नाही. आधी मनगटावर ठेवून बघायचं, चटका बसत नसेल तरच गुडघ्यावर, वरून एरंडाचं पान आणि जुन्या लुगड्याची पट्टी. आमची आजी थंडीत रोज रात्री बांधायची आणि सकाळी जिना उतरताना कठड्याला हात न लावता उतरली की आम्हाला ऐकवायची, बघा म्हणून.

खरंच पाल्यात काही आहे का? लॅबमध्ये उंदरांच्या पायाला मुद्दाम सूज आणून या पानांचा अर्क देऊन बघितलाय, सूज कमी झाली. माणसांवर मोठे अभ्यास त्या मानाने कमीच. मला विचाराल तर निम्मं काम शेकाचं असणार, ऊब मिळाली की आखडलेले स्नायू सैल पडतातच, आणि उरलेलं पाल्याचं, पण नेमकं किती ते आजीलाही सांगता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र मी अंगावर काढून शिकलोय. क्रिकेट खेळताना घोटा मुरगळला, घरी येऊन लगेच गरम पाला बांधला, सकाळी घोटा भोपळ्याएवढा, चप्पल जाईना. ताज्या माराला पहिले दोन दिवस थंड शेक, बर्फ फडक्यात गुंडाळून. गरम पाला जुनाट दुखण्याला. सांधा एकदम लाल, गरम झाला आणि सोबत ताप असेल तर तवा ठेवायचाच नाही, डॉक्टर गाठायचा.

आणि ते बाजारात लेबल नसलेल्या पुड्या मिळतात ना, दोन दिवसांत गुडघा मोकळा म्हणून, त्यात गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं झालीयेत. पाला इतक्या लवकर गुण देत नाही हो. आजीला पंधरा दिवस लागायचे.