आर्क बघायचा व्हिडिओत, हात बसवायचा व्हीआरमध्ये

(दृश्य: काळ्या काचेतून टिपलेलं वेल्डिंग, अगदी जवळून)

झगझगतोय तो आर्क, वेल्डिंगची कांडी (रॉड) आणि धातू यांच्यामधला विजेचा झोत. शिकाऊ वेल्डरची नजर तिथंच खिळते. बघायचं असतं त्याच्या मागचं, म्हणजे वितळलेल्या धातूचं तळं आणि त्यावर तरंगणारा स्लॅग (वितळलेली मळी). हे ओळखायला व्हिडिओच बरा. कॅमेऱ्यासमोर वेल्डिंगची काच धरून घेतलेलं चित्रण खरं असतं, थांबवता येतं, संथ करता येतं. व्हीआरमधलं, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी जगातलं, तळं शेवटी कोणीतरी रेखाटलेलंच. फक्त कॅमेरा वेल्डरच्या खांद्यामागून हवा; समोरून घेतला तर डावं-उजवं उलटतं.

(दृश्य: हेडसेट घातलेला विद्यार्थी, हातात रॉड धरायचा होल्डर)

हात मात्र बघून बसत नाही. ३.१५ मिमीचा रॉड असेल तर आर्कची लांबी साधारण ३ मिमी, रॉडचा कल उभ्या रेषेपासून १० ते १५ अंश. आकडे पाठ होतात. पण रॉड जळत आखूड होत जातो, त्यामुळे हात पुढे सरकवताना खालीही आणावा लागतो. नवशिका नुसता पुढे सरकवतो. मग आर्क लांबतो, ठिणग्या उडतात, बीड (वेल्डची रेघ) पसरट होतं, आत छिद्रं राहतात. व्हीआरचा सिम्युलेटर होल्डरची जागा सतत मोजतो. अंतर नेमकं कुठे वाढलं, हे आलेखावर दिसतं. व्हिडिओला ते जमणारच नाही.

इथे एक फसगत होते. अंतर चुकलं की पडद्यावरची खूण लाल होते, आणि विद्यार्थी तळ्याऐवजी त्या खुणेकडे बघून हात हलवायला शिकतो. गुण भरपूर, काम कच्चं. म्हणून दोन-चार बीड नीट आली की खुणा बंद करा. गेमचा हलका कंट्रोलरही नको. खऱ्या होल्डरला सेन्सर लावा आणि केबल लोंबू द्या, कारण तिचं वजनच मनगट खाली ओढतं.

हेडसेटच्या भिंगांमधलं अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांप्रमाणे जुळवा, नाहीतर सांधा धूसर दिसतो. गरगरायला लागलं की लगेच थांबायचं.

(दृश्य: प्लेटवर चिकटलेला रॉड)

रॉड चिकटल्यावर मनगटाला बसणारी ओढ साध्या सिम्युलेटरमध्ये नसते. मनगट झटक्यानं वळवून रॉड सोडवायचा. नाहीच सुटला तर होल्डरमधून मोकळा करायचा. कॅप (चेहरा झाकणारं वेल्डिंगचं शिरस्त्राण) तोवर खालीच ठेवायची. हा सराव खऱ्या मशीनवर, सपाट प्लेटवर. करंट रॉडच्या पाकिटावर दिलेल्या मर्यादेत ठेवा. फार कमी ठेवला तर रॉड चिकटतच राहील.