ज्याचे करणीय उरले होते

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात शिरताच डाव्या हाताच्या भिंतीवर तथागतांच्या महापरिनिब्बानाचे, म्हणजे अंतिम निर्वाणाचे, सुमारे ७ मीटर लांबीचे शिल्प दिसते आणि नजर साहजिकच त्या विशाल, शांत चेहऱ्यावर खिळते. आपण मात्र पायांकडे वळू या. तेथे हातावर हनुवटी टेकून एक खिन्न भिक्खू बसला आहे. हा आनंद, असे मानले जाते.

आनंद हा बुद्धांचा चुलतभाऊ. त्याने २५ वर्षे त्यांची सेवा केली, पण एवढा सहवास लाभूनही तो अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झालेला नव्हता. महापरिनिब्बान सुत्त सांगते की, कुशीनारा येथे अखेरची वेळ जवळ आली तेव्हा तो विहारात जाऊन, दाराच्या चौकटीला टेकून रडू लागला. मी अजून सेख आहे, माझे करणीय उरले आहे आणि माझ्यावर अनुकंपा करणारे शास्ते, माझे गुरू, तर निघाले, असा त्याचा विलाप होता. सेख म्हणजे शिकणारा. पालीतला हा शब्द कोणावर उणेपणाचा शिक्का मारत नाही. वाटेला लागलेल्या, पण अजून न पोहोचलेल्या माणसाचा मुक्काम तेवढा सांगतो. बुद्धांनी त्याला बोलावून घेतले, प्रियजनांचा वियोग अटळ असल्याची आठवण दिली आणि त्याने कायेने, वाचेने व मनाने केलेल्या मैत्रीपूर्ण सेवेचा गौरव करून प्रयत्न न सोडण्यास सांगितले.

पुढे राजगृहाला पहिली संगीती, म्हणजे बुद्धवचने एकत्र म्हणून पक्की करण्यासाठीची भिक्खूंची सभा, भरायची होती. आदल्या रात्री आनंद पहाटेपर्यंत साधना करीत राहिला. शेवटी अंग टाकावे म्हणून कलला, आणि पाय जमिनीवरून सुटलेले, डोके उशीला लागायचे असताना त्याचे चित्त मुक्त झाले. साधनेसाठी कसून बसलेला असताना जे घडले नाही, ते अशा अधांतरी क्षणी घडावे, हे मोठे बोलके आहे.

संगीतीत त्याने सुत्ते, म्हणजे बुद्धांची प्रवचने, म्हणून दाखवली. त्यानंतर थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंनी, त्याच्यावर पाच दोष ठेवले. स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी, म्हणजे त्यांना संघात दीक्षा मिळावी म्हणून, त्याने खटपट केली, हा त्यांपैकी एक. आज आपण तो त्याच्या पुण्याईतच धरू. दुसरा अगदी साधा होता: बुद्धांचे पावसाळी वस्त्र शिवताना त्याचा पाय त्यावर पडला होता. आनंद म्हणाला की, अनादराने मी तसे केले नव्हते आणि त्यात मला दोष दिसत नाही. तरी आपणांवरील श्रद्धेमुळे मी तो कबूल करतो.