पट्टी अरुंद, नाव लांब

श्रोतेहो, नमस्कार.

आंब्याची पेटी, एसटीची पाटी, होडीच्या नाळेवर रंगवलेलं नाव आणि दशावताराच्या जाहिरातीचा कागद. या सगळ्यांची अडचण एकच: जागा कमी आणि नाव लांब. 'बोर्ली पंचतन ते मुंबई' एवढं सगळं एका पट्टीत मावलं पाहिजे, आणि पावसात छत्री सावरत धावत येणाऱ्याला ते लांबून वाचताही आलं पाहिजे. मग रंगारी काय करतो? अक्षर उंच ओढतो, बाजूंनी आवळतो आणि ब्रश जाड घेतो. टोकांना फटकारे नाहीत, नक्षी नाही. छपाईच्या धंद्यात या घराण्याला 'बोल्ड कंडेन्स्ड' म्हणतात.

हे घराणं पोस्टरांवर वाढलं. एकोणिसाव्या शतकात जाहिरातींसाठी हातभर अक्षरं हवी झाली. शिशाचे एवढे मोठे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जड आणि महाग पडत. अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी 1827 च्या सुमारास लाकडी अक्षरं यंत्राने कोरायला सुरुवात केली. लाकडात हवी ती रुंदी कोरता येते. त्यामुळे लांब शब्दाला अरुंद अक्षर, आखूड शब्दाला पसरट अक्षर, आणि प्रत्येक ओळ कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेली, अशी पोस्टरं निघू लागली.

या जातीतला सर्वांत ओळखीचा चेहरा म्हणजे 'इम्पॅक्ट'. जेफ्री ली यांनी तो रेखाटला आणि 1965 मध्ये शेफिल्डच्या स्टीफन्सन ब्लेक या टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्याने, बाजारात आणला. तेव्हा धातूच्या खिळ्यांचा जमाना संपत आला होता. पुढे तो विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या विनोदी चित्रांवर पांढऱ्या अक्षरांना काळी कड दिलेला इंग्रजी मजकूर असतो ना, तो बहुतेक वेळा हाच. त्याची लहान अक्षरंसुद्धा मोठ्या अक्षरांच्या जवळपास उंच आहेत, पोटातली पोकळी चिरेएवढी, दोन अक्षरांमधली जागा त्याहून थोडी. म्हणून ओळ एकसंध काळी दिसते. दोन-चार शब्दांपुरता हा आवाज छान लागतो. परिच्छेदभर लावला तर वाचणारा दमतो.

आता आपल्या लिपीकडे येऊ, कारण खरी गंमत इथे आहे. रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांच्या डोक्यावर काही नसतं, पायाखाली काही नसतं. पट्टी जेवढी उंच तेवढं अक्षर उंच. आपलं 'सिंधुदुर्ग' घ्या. पहिल्याच अक्षरावर वेलांटी आणि अनुस्वार, मग खाली दोन उकार, आणि शेवटच्या 'ग'वर रफार. एवढा संसार वर-खाली मांडल्यावर मूळ अक्षराच्या वाट्याला मधली चिंचोळी जागा उरते. म्हणून दुकानाच्या पाटीवर एकाच उंचीच्या दोन पट्ट्या केल्या की इंग्रजी नाव दांडगं आणि मराठी नाव अंग चोरून उभं राहिल्यासारखं दिसतं. दोष लिपीचा नाही. पट्ट्या आखणाऱ्याने मोजमाप इंग्रजीचं घेतलेलं असतं. मराठीची पट्टी उंच ठेवली की काम झालं.

दुसरी खोड कॉम्प्युटर आल्यापासूनची. नाव मावत नाही असं दिसलं की माऊसने धरायचं आणि बाजूने दाबायचं. असं दाबल्यावर काना आणि उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. बारक्या हमालाच्या डोक्यावर फणसाची पाटी दिल्यासारखं ते ध्यान दिसतं! अरुंद अक्षर मुळातूनच अरुंद रेखाटावं लागतं. काना जाड ठेवायचा, शिरोरेषा किंचित उतरवायची, गोलाई चपटी करायची, गाठी लहान करायच्या, आणि तरीही पोटात उजेड राहू द्यायचा.

उजेड का, ते आपल्या किनाऱ्यावर लगेच कळेल. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक सुरुवातीच्या गाठीत आणि शिरोरेषेतल्या लहानशा फटीत असतो. जाड, दाटीच्या अक्षरात आधी ती फटच बुजते. मग बंदरावरचा 'धक्का' लांबून 'घक्का' होतो, आणि 'भरतीची वेळ' या सूचनेचं काय होतं ते मी सांगत नाही, तुम्हीच 'भ'च्या जागी 'म' ठेवून पाहा. धोक्याच्या सूचनेला म्हणून हे अक्षर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मोकळं, नेहमीच्या रुंदीचं अक्षर हवं, मग फलक हातभर मोठा करावा लागला तरी चालेल.

चांगले पर्याय आता फुकट मिळतात. इंडियन टाइप फाउंड्रीचे 'तेको' आणि 'खंड' हे दोन्ही मथळ्यांसाठीच काढलेले अरुंद देवनागरी फाँट आहेत. मला त्यातही मुंबईच्या 'एक टाइप' या फाउंड्रीचा 'अनेक' अधिक कामाचा वाटतो. 2022 मध्ये आलेल्या या फाँटमध्ये नऊ भारतीय लिपी आणि रोमन मिळून दहा लिपी आहेत, आणि रुंदी नेहमीच्या 75 टक्क्यांपासून 125 टक्क्यांपर्यंत हवी तशी कमी-जास्त करता येते. माऊसने दाबण्यात आणि यात फरक असा की इथे प्रत्येक रुंदीला दांड्यांची जाडी सांभाळलेली असते.

गणपतीचे दिवस आले की चाकरमानी यायच्या आधी फ्लेक्स लागतात. त्या वेळी फ्लेक्सवाल्याला एवढं सांगा: मंडळाचं नाव जाड आणि अरुंद, भजनाची वेळ आणि जागा साध्या रुंदीत. राहता राहिली कार्यकर्त्यांची नावं. ती खाली अरुंद जाड अक्षरात कोंबली की एकाचंही वाचता येत नाही. खरं तर ती घालूच नयेत. पण हे मंडळाच्या बैठकीत बोलायची हिंमत माझ्यात नाही, म्हणून रेडिओवरून बोलतो आहे. नमस्कार.