हात दाखवून अवलक्षण

पंचेचाळीस मिनिटं दिली होती, त्यातली आठ सत्कारात गेली. एप्रिलमध्ये शाल पांघरल्यावर वक्त्याला जी धाप लागते, ती आजच्या विषयात येत नाही.

पत्रिकेत छापलंय, ‘स्वयंप्रतिकार विकार आणि श्वसन’. घरी हिनं विचारलं, म्हणजे काय हो? म्हटलं, कुंपणच शेत खातं, तो आजार. जंतूंशी लढायला ठेवलेली फौज घरच्यांवरच उलटते. मग सांधे, कातडी, डोळे, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही असं फुफ्फुस.

आपल्यात ‘हात दाखवून अवलक्षण’ म्हणतात. छातीचा डॉक्टर म्हणून आयुष्य गेलं, आणि माझं पालुपद नेमकं उलटं आहे : खोकणाऱ्या माणसाचे आधी हात बघा. स्टेथोस्कोप कुठे पळून जात नाही.

एक बाई आल्या होत्या. चाळिशीच्या, शाळेत खिचडी शिजवायच्या. कोरडा खोकला, जिना चढताना दम. एक्सरेत खालच्या बाजूला दोन्हीकडे पांढुरकं जाळं. आपल्याकडे एक्सरेत काही पांढरं दिसलं की तो टीबी. थुंकीत जंतू सापडोत न सापडोत. सहा महिन्यांचा कोर्स झाला. लघवी लाल झाली, वजन उतरलं, खोकला जागच्या जागी. कुठल्या दवाखान्यात, ते विचारू नका. या चुका मीही केल्यात.

त्यांनी हात टेबलावर ठेवले. अंगठ्याची आणि तर्जनीची कड खरखरीत, भेगाळलेली, भेगांत काळ्या रेघा. मी विचारलं, ‘गॅरेजात काम करता का?’ बरोबरचा मुलगा खो-खो हसला. पण वैद्यकात या हातांचं नावच ‘मेकॅनिकचे हात’ आहे! कातडीच्या डॉक्टरांनी भांड्यांच्या साबणावर खापर फोडून मलम दिलं होतं. मांडी घालून बसलं की उठवत नाही, त्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडून कॅल्शियम. तीन डॉक्टर, तीन प्लास्टिकच्या पिशव्या, तीन फायली, बाई एकच. सातबाऱ्यावर हिस्से पडावेत तशी आम्ही माणसाची वाटणी करून घेतलीय, आणि बांधावरचं झाड कुणाचंच नाही. रक्तात जो-१ नावाची प्रतिपिंडं, म्हणजे त्या उलटलेल्या फौजेची हत्यारं, निघाली. अँटिसिंथेटेज सिंड्रोम. स्नायू, कातडी, फुफ्फुस, सगळं एकाच दुखण्याचं. स्टेरॉइड आणि जोडीला प्रतिकारशक्ती आवरणारं औषध सुरू केलं. भेगा बुजल्या, खोकला ओसरला. फुफ्फुसात पडलेले व्रण मात्र राहिले. ते सहा महिने कुणी परत आणून देत नाही.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता सुरू होतोय!

तर आमवात. तंबाखूच्या धुरानं फुफ्फुसातल्या प्रथिनांची घडण बदलते, शरीराला ती परकी वाटतात, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. रक्तातली अँटी-सीसीपी ही तपासणी त्यांचीच, आणि ती सांधे दुखायच्या काही वर्षं आधीही सकारात्मक येऊ शकते. म्हणजे काही जणांत दुखणं बोटांत दिसतं, पण त्याची ठिणगी छातीत पडलेली असावी, असा कयास आहे. धुळीचंही तेच. १९५३ साली वेल्समध्ये अँथनी कॅप्लन यांना आमवात असलेल्या कोळसा खाणकामगारांच्या एक्सरेत वेगळ्याच गोल गाठी दिसल्या.

स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी टणक करत जाणारा आजार. गार पाण्यात बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर ‘थंडी सोसत नाही’ म्हणून सोडू नका. या आजारात माणूस दगावतो तो बहुतेकदा फुफ्फुसापायी. शोग्रेन नावाच्या आजारात डोळे-तोंड कोरडं, तशी श्वासनलिकाही कोरडी. खोकल्याची बाटली तिथे काय करणार? ल्युपस हाही याच घराण्यातला आजार, त्यात फुफ्फुसाच्या आवरणाला सूज, खोल श्वास घेतला की कळ.

पाठीला नळी लावल्यावर खाली वेल्क्रो उघडल्यासारखा आवाज आला, तर साध्या एक्सरेवर थांबू नये, एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, करावा. आणि टीबीवाल्यांची बाजूही सांगतो, नाहीतर बाहेर गाठतील मला. आमवाताची काही इंजेक्शनं झोपलेला टीबी खरंच जागा करतात. आमवाताच्याच मेथोट्रेक्सेट या औषधानं क्वचित फुफ्फुसालाच सूज येते. म्हणून औषध मनानं बंद करू नका, पण नवा खोकला आला तर त्याच आठवड्यात सांगा. तिन्ही पिशव्या घेऊन जा.

घंटा झाली. तिसऱ्या रांगेत हात वर दिसतोय. प्रश्न आहे, की दाखवायचाय?